‘मान्यताप्राप्त’ ऑनलाइन कॉलेजची क्रेडिट्स राज्य विद्यापीठ का घेत नाही?

वाचकाचं पत्र

मी एडिसन, न्यू जर्सी इथे राहते. वय ३७, ग्रीन कार्ड आहे. पुण्यात एस.वाय.बी.कॉम. झालं आणि लग्न होऊन इकडे आले, टी.वाय. राहिलं ते राहिलंच. मुलगी शाळेत रुळल्यावर दीड वर्षापूर्वी एका ऑनलाइन कॉलेजात अकाउंटिंगच्या असोसिएट, म्हणजे दोन वर्षांच्या, डिग्रीला प्रवेश घेतला. फोनवरच्या बाई म्हणाल्या होत्या, ‘आम्ही नॅशनली ॲक्रेडिटेड आहोत, क्रेडिट्स कुठेही चालतात.’ आतापर्यंत १२ विषय, म्हणजे ३६ क्रेडिट्स झाली. फी दरमहा हप्त्याने खिशातून भरते. पुढे इथल्याच राज्य विद्यापीठातून बॅचलर्स आणि जमलं तर सीपीए, म्हणजे इथलं सीए, करायचं मनात होतं. विद्यापीठात विचारलं तर उत्तर आलं, या कॉलेजची क्रेडिट्स आम्ही घेत नाही. म्हणजे कॉलेजची मान्यता खोटी आहे का? मिस्टर म्हणतात, एवढं झालंय तर उरलेली २४ क्रेडिट्सही पूर्ण करून टाक. काय करू?

— एक वाचक, एडिसन

उत्तर

सगळ्यात आधी एक गोष्ट: पुढच्या सत्राची नोंदणी आत्ता करू नका. बाकीचं वाचून, दोन-तीन ठिकाणी लेखी विचारून मग ठरवा. तोवर एकही नवा विषय घेऊ नका.

मान्यता खोटी असण्याची शक्यता कमी आहे, पण खात्री करून घ्या. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची ‘डापिप’ नावाची यादी इंटरनेटवर मोफत पाहता येते. त्यात कॉलेजचं नाव टाकलं की मान्यता कोणत्या संस्थेची, कोणत्या तारखेपासून आणि आज चालू आहे की नाही, हे दिसतं. तुमच्या कॉलेजच्या नावापुढे बहुधा डीईएसी, म्हणजे डिस्टन्स एज्युकेशन ॲक्रेडिटिंग कमिशन, असं असेल. ही संस्था १९२६ पासून आहे, मुळात टपालाने चालणाऱ्या अभ्यासक्रमांवर देखरेख करण्यासाठी निघालेली, आणि शिक्षण खातं तिला ओळखतं. यादीत कॉलेजचं नावच नसेल, तर मात्र प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर आहे. पैसे घेऊन मान्यतेचं प्रमाणपत्र छापून देणाऱ्या बोगस संस्थाही आहेत.

आता नकार का आला ते. अमेरिकेत कॉलेजांना मान्यता सरकार देत नाही, खासगी संस्था देतात, आणि सरकार फक्त त्या संस्थांना ओळखतं. या संस्थांचे दोन जुने गट आहेत. एक प्रादेशिक, म्हणजे रीजनल: न्यू जर्सीसाठी मिडल स्टेट्स, दक्षिणेत एसएसीएसकॉक, मधल्या राज्यांत हायर लर्निंग कमिशन, पश्चिमेला डब्ल्यूएससीयूसी वगैरे. राज्य विद्यापीठं, कम्युनिटी कॉलेजं आणि नावाजलेली खासगी विद्यापीठं जवळजवळ सगळी या गटात येतात. दुसरा गट नॅशनल: डीईएसी, एसीसीएससी यांसारख्या संस्था. त्यांच्याकडे प्रामुख्याने व्यवसाय शिक्षणाची, पत्राद्वारे किंवा ऑनलाइन शिकवणारी आणि नफ्यासाठी चालणारी कॉलेजं असतात. भारतातून आलेल्या माणसाला ‘नॅशनल’ म्हणजे वरचं वाटतं. क्रेडिट हलवण्याच्या बाबतीत इथे नेमकं उलट आहे, आणि फोनवर विकणाऱ्यांना हे ठाऊक असतं.

प्रादेशिक मान्यतेच्या विद्यापीठांचा आक्षेप साधारण असा असतो: शिकवणाऱ्याकडे त्या विषयातली मास्टर्स किंवा निदान त्या विषयातली १८ ग्रॅज्युएट (म्हणजे पदव्युत्तर) क्रेडिट्स होती का, परीक्षा देखरेखीखाली झाली का, इंग्रजी-गणित-समाजशास्त्र यांसारखे सामान्य विषय खरोखर कॉलेजच्या पातळीवर शिकवले का. या गोष्टी एकेका विद्यार्थ्यासाठी तपासत बसण्याऐवजी ती नियमच करून टाकतात: प्रादेशिक मान्यता नाही, तर क्रेडिट नाही. तुमच्या बाबतीत तेच झालं. तुमचा अभ्यास कोणी उघडूनही पाहिलेला नाही. पहिल्याच चाळणीत कागद बाजूला गेले.

तुमच्या कॉलेजातलं कोणी आता म्हणेल, ‘२०२० पासून रीजनल-नॅशनल हा भेदच रद्द झालाय.’ अर्धं खरं आहे. १ जुलै २०२० पासून शिक्षण खात्याने स्वतःच्या नियमांतून हा फरक काढला आणि दोन्ही गटांना ‘इन्स्टिट्यूशनल’ म्हणायला सुरुवात केली. पण कोणती क्रेडिट्स घ्यायची, हे ठरवण्याचा अधिकार घेणाऱ्या विद्यापीठाकडेच राहिला, आणि पुष्कळ विद्यापीठांनी आपल्या नियमपुस्तिकेतली जुनी अट तशीच ठेवली. ‘क्रेडिट्स कुठेही चालतात’ असं कोणतंही कॉलेज दुसऱ्या कॉलेजच्या वतीने सांगू शकत नाही. तुमच्याच कॉलेजचं कॅटलॉग, म्हणजे नियम आणि विषयांची माहितीपुस्तिका, किंवा प्रवेशाच्या वेळी सही केलेला करार उघडा. ‘क्रेडिट्स स्वीकारणं हे घेणाऱ्या संस्थेच्या मर्जीवर अवलंबून आहे’ अशा अर्थाचं वाक्य बारीक अक्षरांत बहुतेक सापडेल. फोनवर त्याच्या उलट सांगितलं गेलं.

हा अनुभव तुमच्या एकटीचा नाही. अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ मध्ये अंदाज मांडला होता: २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेली. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कॉलेजातून सरकारी कॉलेजात गेलेल्यांची तर ९४ टक्के.

आता मिस्टरांच्या प्रश्नाकडे. उरलेली २४ क्रेडिट्स पूर्ण करावीत का? ते तुम्हाला पुढे काय करायचंय त्यावर ठरेल. बुककीपिंग किंवा एखाद्या छोट्या कंपनीत पेरोल, बिलं, हिशेब असं काम हवं असेल आणि पुढे शिकायचं नसेल, तर डिग्री पूर्ण करण्यात अर्थ आहे. असे मालक अनुभव आणि सॉफ्टवेअर येतं का ते पाहतात. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतही शिक्षण खात्याने ओळखलेल्या संस्थेची मान्यता असली की शिक्षण धरलं जातं. पण तुम्हाला बॅचलर्स आणि सीपीए करायचंय. त्या वाटेवर तिथे घेतलेला प्रत्येक पुढचा विषय दुसऱ्यांदा करावा लागण्याचीच शक्यता जास्त. सीपीएसाठी राज्याचं अकाउंटन्सी बोर्डही डिग्री आणि क्रेडिट्स कोणत्या मान्यतेच्या कॉलेजची आहेत ते पाहतं. भरलेले पैसे गेले याचं दुःख खरं आहे, पण २४ क्रेडिट्सचे पैसे अजून तुमच्या हातात आहेत. आमच्या मते तिथेच थांबावं.

थांबण्याआधी मात्र एक काम उरकून घ्या. बाराही विषयांचे सिलॅबस कॉलेजच्या संकेतस्थळावरून उतरवून ठेवा. विषय क्रमांक, पाठ्यपुस्तक आणि त्याची आवृत्ती, आठवड्यागणिक धडे, परीक्षा कशी झाली, शिकवणाऱ्याची पात्रता, एवढं प्रत्येकात दिसायला हवं. सोडवलेले मोठे प्रोजेक्ट आणि गुण मिळालेल्या असाइनमेंटही ठेवा. नाव काढलं की लॉगिन बंद होतं, आणि मग वर्षभरापूर्वीचा सिलॅबस मागत ईमेल करत बसावं लागतं.

बारा विषयांचं काय होऊ शकतं

सरसकट ‘नाही’ आलं तरी तीन दरवाजे उरतात.

पहिला म्हणजे विभागाकडे अपील. काही विद्यापीठांत रजिस्ट्रारने नाकारलेला विषय विभागप्रमुख सिलॅबस पाहून, किंवा विभागाची स्वतःची परीक्षा घेऊन, मान्य करू शकतात. हे एकेका विषयाचं काम आहे, बाराही विषयांचा गठ्ठा पाठवू नका. त्या विद्यापीठाच्या कॅटलॉगमधल्या कोणत्या विषयाशी आपला विषय जुळतो, तो क्रमांक तुम्हीच शोधून अर्जात लिहा, धड्यांची तुलना शेजारी-शेजारी मांडा. फायनान्शियल अकाउंटिंग किंवा मायक्रोइकॉनॉमिक्स जुळतील. पेरोल अकाउंटिंग, कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स, ‘यशस्वी विद्यार्थी’ छापाचे ओळखवर्ग यांच्यासाठी वेळ घालवू नका, चार वर्षांच्या डिग्रीत त्यांना जोडीदार विषयच नसतो.

दुसरा दरवाजा आमच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा: क्लेप, म्हणजे वर्गात न बसता परीक्षा देऊन क्रेडिट मिळवणं. कॉलेज बोर्ड या परीक्षा घेतं, एका परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास, वर केंद्राची थोडी फी. घरून, कॅमेऱ्याच्या देखरेखीखालीही देता येते. गुण २० ते ८० या मापात असतात आणि अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस ५० ला उत्तीर्ण धरण्याची आहे. इथे मान्यतेचा प्रश्नच उरत नाही. तुम्ही कुठे शिकलात हे कोणी विचारत नाही, येतं की नाही एवढंच पाहतात.

तुमच्या यादीत फायनान्शियल अकाउंटिंग, मायक्रोइकॉनॉमिक्स, बिझनेस लॉ, सायकॉलॉजी आणि इंग्रजी कॉम्पोझिशन असतील असं धरू, कारण अकाउंटिंगच्या असोसिएट डिग्रीत हे विषय बहुधा असतातच. या पाचही विषयांची क्लेप परीक्षा आहे. पहिल्या चारांना कौन्सिलची शिफारस प्रत्येकी ३ क्रेडिट्सची आहे, कॉलेज कॉम्पोझिशनला ६. म्हणजे पाच परीक्षांत १८ क्रेडिट्सपर्यंत, तेही पाचेकशे डॉलरच्या घरात. हा अभ्यास तुमचा ताजा आहे. अकाउंटिंगच्या परीक्षेत साधारण ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. माणसं अडकतात ती वेगात, ज्ञानात नाही. जर्नल एंट्री, घसाऱ्याच्या पद्धती, साठ्याचं मूल्यांकन आणि रोख प्रवाह पत्रक यांची उदाहरणं घड्याळ लावून सोडवा. कॉम्पोझिशनमध्ये निबंध स्वतः टाइप करावे लागतात, म्हणून ती शेवटी ठेवा. नापास झाल्यास तीच परीक्षा पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं, तेव्हा प्रवेशाच्या तारखेपासून मागे मोजून पहिली तारीख ठरवा. मॉडर्न स्टेट्स नावाची संस्था आपला मोफत ऑनलाइन कोर्स पूर्ण करणाऱ्यांना परीक्षेच्या फीचं व्हाउचर देते. ते मिळालं तर हा खर्चही वाचतो.

क्लेपमध्येही खाचखळगे आहेत. प्रत्येक कॉलेज सगळ्या परीक्षा घेत नाही. कुठे ५० गुण चालतात, कुठे जास्त लागतात, कुठे कॉम्पोझिशन घेतात पण पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या जागी धरत नाहीत. अकाउंटिंगची वरची पातळी आधी केली असेल तर खालच्या पातळीची परीक्षा काही ठिकाणी धरली जात नाही. शेवटची ३० क्रेडिट्स आपल्याकडेच करावीत असा नियम बऱ्याच विद्यापीठांचा असतो, त्यात परीक्षेची क्रेडिट्स बसत नाहीत. म्हणून कॉलेज आधी ठरवा, त्यांचा क्लेपचा तक्ता काढा आणि त्यातल्याच परीक्षांचे पैसे भरा.

तिसरा दरवाजा म्हणजे अशी क्रेडिट्स निदान तपासून पाहणारं कॉलेज. तुमच्याच राज्यात, ट्रेंटनला, थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी आहे. ती सरकारी आहे, मान्यता मिडल स्टेट्सची आहे आणि नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांसाठीच १९७२ मध्ये सुरू झाली. परीक्षेतून मिळालेल्या क्रेडिट्सना तिथे भरपूर जागा आहे, टीसेप नावाच्या त्यांच्या स्वतःच्या परीक्षाही आहेत. जवळच कनेक्टिकटमध्ये चार्टर ओक स्टेट कॉलेज आणि न्यू यॉर्कमध्ये एक्सेलसियर युनिव्हर्सिटी याच वळणाच्या. तिघांनाही तुमच्या कॉलेजचं नाव घेऊन लेखी विचारा.

इथे एक गैरसमज काढायला हवा. ‘आधी अशा ठिकाणी क्रेडिट्स मान्य करून घेऊ, मग तिथून मोठ्या विद्यापीठात हलवू’ हे चालत नाही. मोठं विद्यापीठ तुम्ही शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची मूळ ट्रान्स्क्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) मागतं आणि मूळ ठिकाण पाहूनच निर्णय देतं. मधल्या कॉलेजने घेतलं म्हणून त्यांना घ्यावं लागत नाही. चालते ती त्या मधल्या ठिकाणची पूर्ण डिग्री. थॉमस एडिसनची बॅचलर्स हातात आली की पुढे मास्टर्सला ती मिडल स्टेट्सच्या मान्यतेची पूर्ण डिग्री म्हणून पाहिली जाते. तरी सीपीएच्या दृष्टीने अकाउंटिंगचे वरच्या वर्षांचे विषय प्रादेशिक मान्यतेच्या ठिकाणीच शिका. न्यू जर्सीत परवान्यासाठी आजवरची मुख्य वाट एकूण १५० क्रेडिट्सची राहिली आहे. सध्या अनेक राज्यांत हे नियम बदलत आहेत, तेव्हा विषय निवडण्याआधी बोर्डाचं त्या वेळचं पान वाचा.

तुमच्या पुण्याच्या गुणपत्रिका

पत्रात तुम्ही एस.वाय.बी.कॉम. एका वाक्यात उरकलंत. आमच्या मते तुमच्याकडची सगळ्यात मोलाची क्रेडिट्स तीच असू शकतात. पुणे विद्यापीठ हे भारतातलं सरकारमान्य विद्यापीठ आहे. परदेशी शिक्षणाला रीजनल-नॅशनल ही चाळणी लागत नाही. त्याचं मूल्यांकन वेगळ्या रस्त्याने होतं, आणि अपुरी डिग्रीही विषयवार मोजली जाते. अमेरिकेत पूर्णवेळ एका वर्षाची साधारण ३० क्रेडिट्स होतात. दोन वर्षांची सगळी मिळतील असं नाही, पण निम्मी मिळाली तरी ऑनलाइन कॉलेजातल्या दीड वर्षाची भरपाई होण्यासारखी आहे.

त्यासाठी नेसेस या मूल्यांकन संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून, उदाहरणार्थ डब्ल्यूईएस किंवा ईसीई, मूल्यांकन करून घ्यावं लागतं. कोणत्या संस्थेचं चालतं हे आधी तुमच्या निवडलेल्या कॉलेजला विचारा. अर्ज भरताना ‘कोर्स-बाय-कोर्स’ प्रकारच निवडा. दुसरा स्वस्त प्रकार फक्त डिग्रीची समानता सांगतो, विषयवार क्रेडिट देत नाही, आणि क्रेडिटसाठी तो कागद निरुपयोगी ठरतो. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून थेट मूल्यांकन संस्थेकडे जावी लागते, तुम्ही पाठवलेली झेरॉक्स चालत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात अर्ज करायला एफ.वाय. आणि एस.वाय.च्या गुणपत्रिका आणि त्यांवरचे पीआरएन व बैठक क्रमांक लागतील. मूळ कागद माहेरी कपाटात असतील तर आत्ताच शोधायला सांगा, आणि एखादं काम समक्ष करावं लागलं तर जवळच्या माणसाच्या नावाने अधिकारपत्र तयार ठेवा. यात आठवडे नाही, महिने जाऊ शकतात.

लग्नानंतरच्या नावाची अडचण जवळजवळ प्रत्येकीला येते. गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव, ग्रीन कार्डावर सासरचं. मूल्यांकनाच्या अर्जात ‘पूर्वीचं नाव’ या रकान्यात गुणपत्रिकेवर जसं छापलंय तसंच, त्याच क्रमाने लिहा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. नाव जुळलं नाही की फाइल अडते आणि कित्येकदा ते कोणी कळवतही नाही.

विषयांचं बोलायचं तर फायनान्शियल अकाउंटिंग, बिझनेस इकॉनॉमिक्सचे दोन्ही भाग, बिझनेस मॅथ्स-स्टॅटिस्टिक्स, मॅनेजमेंट, मार्केटिंग यांना जोडीदार विषय सापडण्याची शक्यता चांगली असते. कंपनी कायदा भारतीय असल्यामुळे तो फार तर मुक्त निवडीत जाईल. कम्पल्सरी इंग्लिश बहुतेक ठिकाणी इंग्रजी कॉम्पोझिशनच्या जागी धरत नाहीत, म्हणून ती क्लेप परीक्षा तुम्हाला लागेलच. टक्केवारी कमी दिसली म्हणून खचू नका. आपल्याकडचे ६० टक्के म्हणजे इथले ६० टक्के नव्हेत. मूल्यांकन संस्था भारतीय गुणांचं त्या मापानेच रूपांतर करतात आणि आपल्याकडचा फर्स्ट क्लास तिथे चांगल्या ग्रेडमध्ये बसतो.

एक खबरदारी: तोच विषय तीन ठिकाणी मोजला जात नाही. पुण्याचं मायक्रोइकॉनॉमिक्स मान्य झालं तर त्याची क्लेप परीक्षा देऊन काही मिळणार नाही. म्हणून आधी मूल्यांकन, मग उरलेल्या जागा पाहून परीक्षा.

एडिसनमध्ये राहण्याचा फायदा

मिडलसेक्स कॉलेज, म्हणजे तुमच्या काउंटीचं कम्युनिटी कॉलेज, एडिसनमध्येच आहे. न्यू जर्सीने २००७ मध्ये कायदा करून असं ठरवलं की राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजची ए.ए. किंवा ए.एस. डिग्री पूर्ण करून आलेल्याची पहिली दोन वर्षं राज्यातली सरकारी विद्यापीठं मान्य करतील. ज्या हमीचं आश्वासन तुम्हाला फोनवर मिळालं होतं, ती खरी हमी इथे कायद्यात लिहिलेली आहे. फक्त दोन अटी नीट पाळा. डिग्री पूर्ण करूनच बाहेर पडा, कारण अर्धवट सोडलं तर पुन्हा विषयवार तपासणी. आणि प्रोग्रॅमच्या नावात ए.एस. आहे की ए.ए.एस., ते पाहा. ए.ए.एस. ही नोकरीसाठीची डिग्री, तिला ही हमी लागू नाही. अकाउंटिंग या नावाने दोन्ही प्रकार असू शकतात, म्हणून सल्लागाराला सांगा की मला चार वर्षांच्या विद्यापीठात जायचंय. एनजे ट्रान्सफर या राज्याच्या संकेतस्थळावर मिडलसेक्सचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या जागी धरतात, तेही आधी पाहता येतं.

पैशाचं म्हणाल तर ग्रीन कार्डधारक म्हणून तुम्ही फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक मदतीचा, अर्ज भरू शकता, हप्ते खिशातून भरत बसण्याची गरज नसेल. पण कॉलेजने स्वीकारलेली प्रत्येक क्रेडिट मदतीच्या हिशेबातही मोजली जाते. डिग्रीला लागणाऱ्या क्रेडिट्सच्या १५० टक्क्यांपर्यंतच केंद्राची मदत मिळते, आणि त्यात बाहेरून स्वीकारलेली क्रेडिट्स येतात. त्यामुळे डिग्रीत कुठेच न बसणारी क्रेडिट्स ‘मुक्त निवड’ म्हणून मिळत असली तरी त्यांच्यामागे लागू नका. किती स्वीकारली यापेक्षा तुमच्या डिग्रीला किती लागू पडली, हा आकडा मागा. ३० स्वीकारून ९ लागू पडणं हे नेहमीचंच आहे.

ईमेलमध्ये काय विचारायचं

‘माझी क्रेडिट्स चालतील का?’ असं विचारलं की ‘प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे पाहू’ एवढंच उत्तर येतं. मिडलसेक्स, थॉमस एडिसन आणि ज्या विद्यापीठात शेवटी जायचंय ते, तिन्ही ठिकाणच्या ट्रान्सफर किंवा रजिस्ट्रार कार्यालयाला, प्रवेश विभागाला नव्हे, वेगवेगळा ईमेल करा. कॉलेजचं पूर्ण नाव आणि मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव लिहून विचारा, या मान्यतेची क्रेडिट्स तुमच्या लिखित धोरणात बसतात का आणि ते धोरण कॅटलॉगमध्ये कुठे आहे. बसत नसतील तर विभागाच्या परीक्षेने किंवा सिलॅबस पाहून मान्य करण्याची सोय आहे का. कोणती क्लेप परीक्षा, किती गुण, तुमच्या कोणत्या विषय क्रमांकाच्या जागी. बाहेरची जास्तीत जास्त किती क्रेडिट्स घेता. आणि परदेशी गुणपत्रिकांसाठी कोणत्या संस्थेचं मूल्यांकन. फोनवर काही कळलं तर त्याच दिवशी ‘आपण असं सांगितलंत, बरोबर ना?’ असा ईमेल टाका. पुढे माणूस बदलला तरी कागद राहतो.

तुमची क्रेडिट्स क्वार्टरची (तिमाही सत्राची) आहेत की सेमिस्टरची, हेही ट्रान्स्क्रिप्टच्या मागच्या बाजूला पाहा. क्वार्टरची असतील तर दोन तृतीयांशच मोजतात: ३६ ची २४ होतात. आणि सी पेक्षा खालची ग्रेड असलेला विषय कुठेही गृहीत धरू नका.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी महाराष्ट्रात बसून अमेरिकन ऑनलाइन डिग्रीचा विचार करत असेल, तर त्यांची चाळणी आणखी वेगळी आहे. यूजीसीच्या २०२५ च्या नियमांत परदेशी पदवीला समकक्षता मिळण्यासाठी ती नियमित, प्रत्यक्ष शिक्षणाने घेतलेली असावी अशी अट आहे. भारतात सरकारी नोकरी किंवा पुढचं शिक्षण हवं असेल तर मान्यता रीजनल असूनही अडचण येऊ शकते. मान्यता बदलतेही: युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल हे भारतीयांना परिचित ऑनलाइन विद्यापीठ २०१४ पासून डीईएसीच्या मान्यतेचं होतं, २०२५ मध्ये त्याला डब्ल्यूएससीयूसीची प्रादेशिक मान्यता मिळाली. अशा वेळी विषय ज्या तारखेला पूर्ण केला तेव्हा कोणती मान्यता लागू होती, हे पाहिलं जातं. तुमचं कॉलेज ‘आम्ही रीजनलसाठी अर्ज केलाय’ असं सांगत असेल, तर नुसत्या अर्जाच्या भरवशावर पैसे भरू नका.

आता कॉलेज सोडण्याची रीत. हप्ते थांबवून गप्प बसलात तर थकबाकी वाढेल, ती वसुलीवाल्यांकडे जाईल आणि ट्रान्स्क्रिप्टही अडवली जाऊ शकते. करारातलं परताव्याचं कलम वाचा, सत्र सुरू होण्याआधी लेखी माघार कळवा, पोच मागा, आणि हिशेबाचं शेवटचं पत्र घेऊन ठेवा. फोनवर खोटं सांगितलं गेल्याचा काही पुरावा असेल, जसं की ईमेल, चॅट किंवा जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तर आधी कॉलेजकडे लेखी तक्रार करून फीची सवलत मागा. दाद लागली नाही तर मान्यता देणाऱ्या संस्थेकडे आणि न्यू जर्सीच्या उच्च शिक्षण सचिवांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते. नुसत्या तोंडी आठवणीवर फारसं होत नाही.

आणि नव्या कॉलेजच्या अर्जात हे ऑनलाइन कॉलेज वगळू नका. ‘यापूर्वी शिकलेली सर्व कॉलेजं’ या प्रश्नाखाली ते लिहावंच लागतं, क्रेडिट मिळणार नसली तरी. लपवलेलं नंतर उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो, आणि तिथले चांगले गुण तुमच्या बाजूनेच बोलतील.